वाचक विचारतात : एडीएचडीच्या तपासणीला मूल नेताना

प्रश्न : माझा मुलगा 8 वर्षांचा, जिल्हा परिषद शाळेत तिसरीत आहे. शाळेत आलेल्या आरोग्य पथकाने एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा आणि उतावळेपणा यांची) शंका सांगून यवतमाळला पाठवलं आहे. त्याला काय सांगून नेऊ? सासूबाई त्याच्यासमोरच म्हणतात, "पोराले येड्याच्या डॉक्टरकडे नेऊन रायली काय वं?" शिवाय मोबाइल दिला की तो तासभर हलत नाही. डॉक्टर म्हणतील, याला काहीच झालं नाही. – एक आई, ता. दारव्हा

ताई, शाळेत येणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. ते शंका नोंदवतं, निदान करत नाही. त्यांची चिठ्ठी जपून ठेवा. तिच्यावर तुम्हाला जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं आणि 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सेवा मोफत आहे.

मुलाला एक-दोन दिवस आधी सांगा. पंधरा दिवस आधी सांगितलं तर रोज विचारून भंडावून सोडेल, आणि एसटीत बसल्यावर सांगितलं तर फसवल्यासारखं वाटेल. तुमच्या घरच्या भाषेतच सांगा : "वर्गात एका जागी बसनं तुले कठीण जाते ना? ते काहून होते, हे पाहाले आपण जाऊन रायलो. तिथं ते तुह्याशी बोलतीन, कोडी देतीन, थोडं वाचाले-लिव्हाले लावतीन. चुकलं तरी मार्क कटत नाही." एवढं पुरे. "मामाच्या गावाला चाललो" ही थाप नको. "सुई टोचणार नाहीत" असा शब्दही देऊ नका. हिमोग्लोबिनसाठी रक्त काढायची वेळ आली तर तुमचा शब्द खोटा पडेल आणि पुढच्या खेपेला तो दारातूनच मागे फिरेल.

"तिथं शहाण्यासारखा बस" असं तर मुळीच पढवू नका. नवी खोली, नवा माणूस, सगळं लक्ष आपल्यावर, अशा वेळी यातली पुष्कळ मुलं अर्धा तास शांत बसतात. डॉक्टरांना ते ठाऊक असतं, म्हणूनच ते घरच्या आणि शाळेच्या माहितीवर जास्त भर देतात. मोबाइलचंही तेच. पडद्यावर दर क्षणी नवं काही येतं, बक्षीस लगेच मिळतं. तिथं लक्ष ओढून धरावं लागत नाही. खरी अडचण दिसते ती कंटाळवाण्या, मेहनतीच्या कामात. तेव्हा मोबाइलची गोष्ट लपवू नका, पण पाढे लिहिताना काय होतं तेही सांगा.

आता तुमची तयारी, कारण निम्मी तपासणी तुमच्या सांगण्यावर उभी असते. आठ-दहा दिवस एका वहीत रोज दोन-तीन ओळी लिहा. "लई मस्ती करते" यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. "संध्याकाळी 15 मिनिटं अभ्यासाला बसवलं, 4 वेळा उठला, पाणी आणायला सांगितलं, वाटेत विसरला, गाडी येताना न पाहता रस्ता ओलांडला" यावरून कळतं. ज्या दिवशी नीट बसला तो दिवसही लिहा, आणि तेव्हा वेगळं काय होतं तेही. झोपेची नोंद हवीच : किती वाजता झोपतो, घोरतो का, तोंड उघडं ठेवून श्वास घेतो का. टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढल्याने झोप मोडणारं मूल दिवसा चंचल दिसतं. बोलता बोलता मध्येच काही सेकंद एकटक पाहत राहतो, हाक ऐकत नाही, असं होत असेल तर ते ठळक सांगा. तो झटक्यांचा (फिटचा) एक प्रकार असू शकतो आणि त्याचा इलाज निराळा असतो.

सासूबाईंना सोबत न्या. तुम्ही दोघं शेतात असता तेव्हा पोरगा त्यांच्याजवळ असेल, तर त्यांची माहिती तुमच्याहून पक्की. डॉक्टरांनी त्यांना दोन प्रश्न विचारले की "येड्याचा डॉक्टर" हा शब्दही बहुधा मागे पडतो.

कागद : पथकाची चिठ्ठी, आधार कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, जन्मानंतर काचेत ठेवलं असेल तर तिथलं डिस्चार्ज कार्ड, सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल, प्रगतिपुस्तक आणि शाळेच्या वह्या. वह्या आहेत तशा न्या, अर्धवट आणि खाडाखोडीच्या. नवी कोरी वही घेऊन त्यात सुंदर अक्षरात उतरवून काढू नका, त्यातून काहीच दिसत नाही. चालू औषधांची पाकिटं घ्या. झटक्यांसाठीच्या गार्डिनलने काही मुलं उलट जास्त चंचल होतात, दम्याच्या सालब्युटामॉलने हात थरथरतात आणि मूल अस्वस्थ होतं, सर्दीच्या काही सिरपने गुंगी येते. तरी झटक्यांचं औषध त्या दिवसासाठी म्हणून स्वतःहून बंद करायचं नाही. फवारणीच्या दिवसांत मुलगा शेतात येत असेल तर तेही सांगा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो प्रवासात. पहाटे 4 वाजता उठवून पहिल्या गाडीने आणलेलं, रांगेत उपाशी बसलेलं मूल दुपारी 12 वाजता चाचणीला बसतं आणि पेंगतं. मग लक्ष नव्हतं की झोप होती, हे कोण सांगणार? पहिल्या खेपेला केसपेपर, माहिती, कान आणि डोळे एवढंच धरून चाला. मानसशास्त्रज्ञांच्या चाचणीला दीड-दोन तास लागू शकतात. तिची वेगळी तारीख मागा, "लांबून येतो, सकाळचा पहिला नंबर द्या" असं स्पष्ट म्हणा. यवतमाळला कुणी नातेवाईक असेल तर आदल्या रात्री तिथं मुक्काम करा. नेहमीचं खाऊ घाला, पोळी-भाजीचा डबा आणि पाणी ठेवा. चष्मा असेल तर विसरू नका. ताप असेल तर तारीख पुढे ढकला. आणि रांगेत गप्प बसावा म्हणून मोबाइल हातात देऊ नका : दारात तो हिसकावून घेतला की आत पहिली पंधरा मिनिटं रडण्यातच जातात. त्यापेक्षा आवारात दोन चकरा मारून आणा.

आत गेल्यावर त्याच्या वतीने उत्तरं देऊ नका. तक्रारी त्याच्यासमोर वाचू नका. "आम्हाला दहा मिनिटं वेगळं बोलायचं आहे" असं डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : मेळघाटातल्या शाळेत मी एकाच खोलीत दोन वर्ग सांभाळते. दुसरीतल्या एका मुलासाठी डॉक्टरांनी प्रश्नावली पाठवली आहे. कशी भरू? मूल कोरकू आहे. – शिक्षिका, ता. चिखलदरा

अशा प्रश्नावल्यांत, उदाहरणार्थ व्हँडरबिल्टमध्ये, प्रत्येक वाक्यापुढे 0 ते 3 असे पर्याय असतात : कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, अगदी नेहमी. लक्षण म्हणून धरले जातात ते 2 आणि 3. घाईत किंवा कुणाचं वाईट नको म्हणून सगळीकडे "कधीकधी"वर खूण केली, तर हिशेबात तुम्ही "काहीच नाही" असं लिहिलेलं असतं. तुलना त्याच वयाच्या मुलांशी करा, वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाशी नको.

मूल किमान दोन-तीन महिने तुमच्या डोळ्यांसमोर असायला हवं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी भरते, त्यामुळे जुलैत भरलेल्या फॉर्मपेक्षा दिवाळीनंतरचा भरवशाचा. घाई असेल तर गेल्या वर्षीच्या शिक्षकांकडून भरून घ्या. फॉर्मच्या मागच्या बाजूला चार गोष्टी आवर्जून लिहा : खोलीत किती वर्ग आणि किती मुलं बसतात, तो कुठे बसतो, किती दिवस गैरहजर होता, आणि मजुरीसाठी कुटुंब बाहेर गेलं होतं का. शेजारच्या वर्गाची कविता चालू असताना दुसरीतल्या कुणाही मुलाचं लक्ष उडणारच, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

भाषेचा मुद्दा याहून मोठा. आठवडाभर एकच सूचना एकदा मराठीत आणि एकदा कोरकूत देऊन पाहा, तुम्हाला येत नसेल तर मोठ्या वर्गातल्या मुलाकडून. कोरकूत सांगितल्यावर काम होत असेल तर अडचण लक्षाची कमी आणि भाषेची जास्त आहे. हे लिहून पाठवा, नाहीतर बुद्धिमापनाच्या शाब्दिक भागात त्याचे गुण विनाकारण खाली येतील. दोन्ही भाषा येणारं घरचं माणूस सोबत जाऊ द्या, पण त्याला बजावा : प्रश्न सांगायचा, उत्तर सुचवायचं नाही. आणि चुळबूळ फक्त वाचन-लेखनाच्याच वेळी होत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणीही सुचवा. दोन्ही एकत्रही आढळतात.

प्रश्न : एका ठिकाणी पाच मिनिटांत "एडीएचडी आहे" असं सांगून मेंदूचा एमआरआय करायला सांगितलं. करावा का? – एक वडील, ता. मोर्शी

एडीएचडी सिद्ध करणारा एमआरआय नाही, रक्ताची चाचणीही नाही. झटके, डोक्याला मार, मागे पडत चाललेला विकास असं काही असेल तर स्कॅन किंवा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) लागतो. तसं काय दिसलं, हे त्या डॉक्टरांना सरळ विचारा. निदानाची रीत वेगळी आहे : दुर्लक्षाची 9 आणि चंचलता-उतावळेपणाची 9 लक्षणं पाहतात. मुलांमध्ये एका गटातली किमान 6 लक्षणं, 6 महिन्यांपासून, घर आणि शाळा अशा दोन तरी ठिकाणी, आणि सुरुवात 12 वर्षांच्या आधी. शाळेला न विचारता हे ठरत नाही. दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. औषधाची वेळ आलीच तर आधी वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब मोजतात. घरात कुणी तरुण वयात अचानक हृदयाने गेलं असेल तर ते आपणहून सांगा.

प्रश्न : भाची 11 वर्षांची, सहावीत. खोडकर अजिबात नाही, नुसती हरवलेली असते. शाळेची तक्रार नाही म्हणून घरचे न्यायला तयार नाहीत. – मावशी, ता. आरमोरी

चंचलता नसलेला, नुसत्या दुर्लक्षाचा प्रकारही असतो आणि मुलींमध्ये तो बरेचदा सुटून जातो, कारण त्या वर्गाला त्रास देत नाहीत. मात्र आधी हे पाहा : हरवणं लहानपणापासूनचं आहे की यंदाचं? दुसरी-तिसरीच्या वह्या, प्रगतिपुस्तकावरचे शेरे शोधा. तेव्हाच्या बाईंना फोन करून विचारा. तेव्हा सगळं ठीक होतं आणि आता बिघडलं असेल, तर एडीएचडीच्या आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, कान, डोळे आणि मनावरचं ओझं तपासायला हवं. तुमच्या भागात सिकलसेलची तपासणी तर राहून जाऊच नये, कारण त्या आजारात बाहेरून न दिसणारे छोटे पक्षाघातही लक्ष कमी करतात. डॉक्टरांना तिच्याशी थोडा वेळ एकटीशी बोलू द्या. 11 वर्षांच्या मुलीला स्वतःचं पुष्कळ सांगता येतं, आई समोर नसेल तर जास्त. घरच्यांना पटवायचं असेल तर आधी 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत क्रमांकावर त्यांचंच बोलणं करून द्या. तिथं मराठीत बोलता येतं आणि फोन चोवीस तास चालू असतो.