बुलेट घेऊ का? आधी घरातली माणसं मोजा

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की कोथरूडहून शिवाजीनगरला ऑफिस, जाऊन येऊन १६ किलोमीटर, घरी बायको आणि सहा वर्षांची मुलगी, सुट्टीला कधी सिंहगड तर कधी भोरला गावी, म्हणून २०१४ ची १०० सीसी बाईक १५ हजाराला एक्स्चेंजमध्ये द्यायची आणि रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० घ्यायची, जिला सगळे बुलेटच म्हणतात. ऑनरोड २ लाख २५ हजार, त्यात ६० हजार एफडी मोडून आणि बाकी दीड लाखाचं लोन ३ वर्षांचं. घेऊ का नको असं विचारलंत.

माझं उत्तर, आत्ता नको. गाडी उत्तम आहे, इंजिन ३४९ सीसी, म्हणजे ३५० च्या आत असल्यामुळे सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, त्यामुळे भावही बरा मिळतोय, तो प्रश्नच नाही. पण तुम्ही घेताय ती फॅमिलीसाठी असं म्हणताय आणि फॅमिली आहे तिघांची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालवणारा सोडून एकच माणूस बसू शकतो, मूल लहान आहे म्हणून त्याला सूट नाही. ट्रिपल सीट पकडलं तर हजार रुपये दंड आणि लायसन्स तीन महिने सस्पेंड होऊ शकतं, ते एकवेळ सोडा, पण कात्रज घाटात मागून कोणी ठोकलं तर मधे दाबून बसलेल्या पोरीला धरायला काय आहे? आपण सगळे लहानपणी टाकीवर बसून फिरलोय हे मलाही माहितीय, तरीही हे सांगावंसं वाटतं. म्हणजे सव्वादोन लाख घालूनही वीकेंडला तिघांपैकी एक जण घरीच राहणार.

आता पैशाचं बघू. घरखर्च २४ हजार आणि होमलोनचा हप्ता २१,५००, म्हणजे महिन्याला ४५,५०० लागतातच. तीन महिन्यांचे होतात १ लाख ३६ हजार ५००, आणि तुमची एफडी आहे १ लाख ४० हजाराची. म्हणजे इमर्जन्सी फंड जेमतेम तीन महिन्यांचा, त्यातून ६० हजार काढले की दोन महिनेही निघत नाहीत, आणि पगार एकट्याचाच. ही एफडी माझ्या मते हात लावायची वस्तू नाही.

शोरूमवाल्याने साडेआठ टक्के सांगितलंय ना, तो फ्लॅट रेट आहे. दीड लाखावर पूर्ण तीन वर्षं साडेआठ टक्के लावले की व्याज ३८,२५० आणि हप्ता ५,२२९. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता तरी व्याज पूर्ण दीड लाखावरच चालू असतं, त्यामुळे होमलोनसारखं रिड्यूसिंग पद्धतीने, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून मोजलं तर हाच दर १५ टक्क्यांच्या वर जातो. कुठेही लोन घेताना एवढंच विचारा, रिड्यूसिंगने किती? नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स एकदम भरावा लागतो, तो १५० ते ३५० सीसीला ७,३६५ आणि ७५ ते १५० सीसीला ३,८५१, जीएसटी वेगळा. मायलेजचं मात्र फार मनावर घेऊ नका, ऑफिसचं महिन्याचं रनिंग ४०० किलोमीटर, त्यात जुन्या बाईकपेक्षा पेट्रोल साडेपाचशेने वाढेल इतकंच.

खरी गोष्ट तुमच्या पत्राच्या शेवटी आहे, जी तुम्ही सहज लिहून गेलात. वहिनींकडे लायसन्स आहे, पण मुलीला शाळेत सोडायला त्या रोज रिक्षाला ९० रुपये देतात. २४ दिवसांचे २,१६० झाले! म्हणून मी म्हणेन जुनी बाईक विकूच नका. चेन स्प्रॉकेट, दोन्ही टायर, बॅटरी, ब्रेक शू मिळून सहा सात हजारात ती परत नीट होईल, आरसी म्हणजे रजिस्ट्रेशन २०२९ पर्यंत आहे, एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावली नसेल तर तेवढी लावून घ्या. आणि एक १२५ सीसी स्कूटर घ्या, वहिनींना हवी ती, त्यांनी चालवून बघून. तुम्हीच कोटेशन दिलंय १ लाख १२ हजाराचं. बोनसचे ४० हजार जे तुम्ही अ‍ॅक्सेसरीज आणि ट्रिपला ठेवलेत ते डाउनपेमेंटला घाला, ७२ हजाराचं लोन दोन वर्षांचं, रिड्यूसिंग १२ टक्क्यांनी हप्ता साधारण ३,४००. रिक्षाचे वाचलेले पैसे वजा पेट्रोल धरलं तर खिशातून जास्तीचे १,८०० च्या आसपास जातील. एफडी जागेवर.

आणि वीकेंडला दोन गाड्या, एकीवर तुम्ही, दुसरीवर वहिनी, लेक आलटून पालटून कोणाच्याही मागे, सगळे नियमात आणि सगळ्यांना जागा. भोर लांब वाटलं तर स्वारगेटहून एसटी आहेच, बायकांना अर्धं तिकीट, मुलीलाही अर्धं, म्हणजे तिघं दोन तिकिटांत.

इलेक्ट्रिकचं विचारलंत, पार्किंगमध्ये पॉइंट असेल तर जरूर बघा, फक्त एवढ्या कमी रनिंगला महिन्याला चारपाचशेच वाचतील, त्यामुळे जास्तीची किंमत वसूल व्हायला वर्षं लागतात.

बुलेटची हौस मला कळते, ती मारू नका. स्कूटरचा हप्ता संपला की तेच ३,४०० बँकेच्या आरडीला, म्हणजे दरमहाच्या ठेवीला लावा, पुढच्या दोन वर्षांत ८० हजारांच्या वर जमतील. तोवर एक दिवस भाड्याने घेऊन बघा, १९५ किलोची गाडी आहे, तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटमधून रिव्हर्स काढून रॅम्प चढून बघा, ऑफिसच्या वेळेला कर्वे रोडला नेऊन बघा, मग ठरवा.

हेल्मेट मात्र आजच. चार वर्षांवरच्या मुलांना ते सक्तीचं आहे. लेकीला दुकानात घेऊन जा, भुवयांच्या जरा वर टेप धरून डोकं मोजा, आयएसआय मार्क बघा आणि पट्टा लावून तिला मान जोरात हलवायला सांगा. हेल्मेट फिरलं तर एक साइज लहान मागा, पुढच्या वर्षी होईल म्हणून मोठं घेऊ नका.