लोकलच्या प्रवासात निन्टेंडोच्या स्विच या हातात धरायच्या कन्सोलवर ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा व्हिडिओ गेम खेळणं जमतं का?

जमतं, आणि मस्त जमतं. मी डोंबिवली-सीएसएमटी करतो. सकाळच्या गर्दीत कन्सोल बॅगेतून काढूच नका, पण परतीला खिडकी मिळाली की बिनधास्त खेळा. पॉवर बटण एकदा दाबलं की खेळ आहे तिथे थांबतो, स्टेशन आलं तरी काही वाया जात नाही. खेळाच्या नकाशावर १२० श्राइन, म्हणजे कोड्यांची छोटी मंदिरं, विखुरलेली आहेत. ठाण्याला एखाद्या श्राइनमध्ये शिरलो तर बहुतेक वेळा डोंबिवलीपर्यंत एक उरकतं.

या खेळातला पाऊस मला फार आवडतो. ओल्या कड्यावर चढताना खेळाचा नायक लिंक याचे हात निसटतात. गडगडाट सुरू झाला आणि पाठीवरच्या तलवारीतून ठिणग्या उडायला लागल्या, की धातूचं सगळं पटापट उतरवा, नाहीतर वीज थेट अंगावर! हे मला कळलं तेव्हा बाहेर मुंब्र्याच्या खाडीवर खराखुरा पाऊस कोसळत होता. अंगावर काटा आला होता.

जुना स्विच घेणार असाल तर मॉडेल नीट बघा. २०१७ च्या पहिल्या स्विचवर हा खेळ एका चार्जवर सुमारे ३ तास चालतो, २०१९ च्या सुधारित मॉडेलवर सुमारे साडेपाच. हेडफोन मात्र हवेतच.