विजापूर आधी नको, शेवटी ठेवा

प्रवासाचं विचारा : वाचकांचे प्रश्न आणि आमच्या निवृत्त इतिहास शिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : दिवाळीची गर्दी ओसरली की आम्ही घरचे पाच जण गाडी करून बदामी-हंपी करायचं म्हणतोय. मी, आमचे हे, कॉलेजातली मुलगी, सातवीतला मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. त्या माळकरी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. मुलाच्या मते इतिहास म्हणजे सनावळ्या. एका टूरवाल्यानं पाच दिवसांचा कागद दिलाय : पहिल्या दिवशी विजापूर, आलमट्टी धरण, कुडलसंगम, दुसऱ्या दिवशी ऐहोळे, पट्टदकल, बदामी, बनशंकरी, मग हंपी, चौथ्या दिवशी उरलेलं हंपी, लक्कुंडी, गदग, पाचव्या दिवशी परत. हा कागद बरोबर आहे का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : कागद गाडीच्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे. माणसांच्या दृष्टीनं नाही. दुसरा दिवस पुन्हा वाचा. ऐहोळे, पट्टदकल आणि बदामी एका दिवसात! पंधरा वर्षांपूर्वी मीही अशाच एका टूरबरोबर गेले होते. पट्टदकलला पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती. पस्तीस मिनिटं मिळाली, त्यातली दहा चपला काढण्या-घालण्यात गेली. विरूपाक्षाच्या खांबांवर रामायण आहे म्हणतात, मला अंधारात नुसते खांब दिसले. पुढच्या वर्षी परत जाऊन ते बघितलं तेव्हा कुठं जीव थंड झाला.

माझी पहिली सूचना : जमलं तर सहावा दिवस काढा. दुसरी : टूरवाले विजापूर आधी घेतात, कारण ते आपल्याला जवळ पडतं. जत-मिरजेच्या वाटेनं साधारण दोनशे किलोमीटर. तुम्ही ते शेवटी ठेवा. म्हणजे जे आधी घडलं ते आधी बघून होतं : सहाव्या शतकातली बदामी, सातव्याचं ऐहोळे, आठव्याचं पट्टदकल, मग हंपी आणि सगळ्यात शेवटी आदिलशाही. रस्ताही तसाच गोल फिरतो आणि तुमच्या चिरंजीवांना सनावळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला कोल्हापूर सोडा आणि निपाणी-गोकाकवरून थेट बदामी गाठा. त्या दिवशी काहीही बघायचं नाही. संध्याकाळी अगस्त्यतीर्थ तळ्याच्या काठानं भूतनाथाच्या देवळापर्यंत जायचं आणि पायरीवर बसायचं. रंकाळ्यावर बसायची सवय आपल्याला आहेच. समोरचे कडे आधी विटकरी दिसतात, मग गूळ उकळताना काहिलीत जो रंग येतो तसे होतात. मी दोन्ही वेळेस अंधार पडेपर्यंत तिथंच होते.

दुसऱ्या दिवशी उन्हाआधी लेणी. चारही एकाच डोंगरात आहेत, एकाच्या वर एक. पायऱ्या उंच आहेत, पण पहिलं लेणं खालच्या बाजूला आहे. सासूबाईंना तेवढं दाखवा. तिथंच अठरा हातांचा नटराज आहे. उजवा एक आणि डावा एक हात धरला की नृत्याच्या एक्याऐंशी मुद्रा होतात, असं तिथले गाइड सांगतात. आमच्या शाळेची सहल नेली होती तेव्हा सातवीच्या मुलांनी हात लावून लावून त्या करून बघायला सुरुवात केली. बत्तीसपर्यंत गेले आणि कुणाचा तरी खांदा दुखायला लागला! तुमच्या मुलाला हा उद्योग द्या.

तिसरं लेणं सगळ्यात मोठं. तिथं चालुक्य राजघराण्यातल्या मंगलेशाचा शिलालेख आहे, शके ५०० च्या कार्तिक पौर्णिमेचा, म्हणजे इसवी सन ५७८. इतकी नेमकी तारीख असलेलं लेणं आपल्याकडं विरळाच. त्या लेण्यात एक विष्णू शेषावर निजलेला नाही, बसलेला आहे. वेटोळ्यांचं आसन करून आरामात बसलाय, ओसरीवर बसावं तसा. चौथं लेणं जैन. माकडांपासून सावध राहा. पिशवीत केळी असली तर ती तुमची नाहीत असं समजूनच चाला. खाली वस्तुसंग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असतं. तेवढा वार टाळा.

दुपारी बनशंकरी, बदामीपासून पाच किलोमीटर. आपल्या भागातल्या कितीतरी घरांचं ते कुलदैवत. देवळाबाहेर बायका बुट्ट्या घेऊन बसतात : ज्वारीची भाकरी, शेंगादाण्याची चटणी, वांग्याची भाजी, मडक्यातलं दही. जमिनीवर मांडी घालून खायचं. सासूबाईंना खाली बसणं जमणार नाही, तर गाडीतली घडीची खुर्ची न्या. हॉटेलात जाऊ नका. यजमानांना तांबड्या-पांढऱ्याची आठवण येईल, येऊ द्या.

तिसरा दिवस ऐहोळे, मग पट्टदकल. ऐहोळेतलं दुर्गा मंदिर दुर्गादेवीचं नाही. दुर्ग म्हणजे किल्ला, त्याच्याजवळचं देऊळ म्हणून ते नाव. मागची बाजू चैत्यासारखी अर्धगोल आहे, त्यामुळं प्रदक्षिणेत कोपराच येत नाही. मग मुलांना घेऊन मेगुती टेकडीवर चढा, सासूबाई आणि यजमान खाली सावलीत बसतील. वर चालुक्य राजा पुलकेशी दुसरा याच्या दरबारातल्या रविकीर्तीचा शिलालेख आहे, इसवी सन ६३४ चा. पुलकेशीनं उत्तरेच्या हर्षवर्धनाला हरवलं, त्यावर हा कवी कोटी करतो : भीतीनं हर्षाचा हर्षच गळाला. आपल्याला ती भाषांतराशिवाय कळते! त्याच लेखात तीन महाराष्ट्रकं आणि त्यांतली नव्याण्णव हजार गावं येतात. कर्नाटकातल्या एका टेकडीवर आपल्या महाराष्ट्राचं नाव, चौदाशे वर्षांपूर्वीचं. वर हा कवी स्वतःला कालिदास आणि भारवी यांच्या पंगतीत बसवून मोकळा होतो. लिपी जुनी कन्नड आहे, वाचता येणार नाही. नुसतं समोर उभं राहिलं तरी चालतं.

तिथून पट्टदकल बारा-तेरा किलोमीटर. दुपारी दोन-अडीचला पोचा आणि पाचपर्यंत राहा. उत्तरेकडची नागर शिखरं आणि दक्षिणेकडची द्राविड शिखरं एकाच आवारात शेजारी शेजारी उभी आहेत, पोरालासुद्धा फरक ओळखता येतो. छोट्या देवळांपैकी एकाचं नाव काडसिद्धेश्वर, कणेरी मठामुळं आपल्या तोंडातलंच नाव. मोठं विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीनं बांधवलं, नवऱ्यानं, म्हणजे चालुक्य राजा विक्रमादित्य दुसरा यानं, कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाखातर. त्या विक्रमादित्यानं कांची जिंकली, पण तिथल्या कैलासनाथाच्या देवळाचं धन देवळालाच परत दिलं, आणि तसं तिथल्या खांबावर कोरूनही ठेवलं. हे मुलांना सांगा आणि लक्षात ठेवायला सांगा, कारण हंपीत लागणार आहे. रात्री होसपेटला मुक्काम.

चौथा दिवस अख्खा हंपीचा, पाचव्याची सकाळही. सासूबाईंसाठी विठ्ठल मंदिर आधी घ्या. फाटकापासून देवळापर्यंत बॅटरीच्या गाड्या आहेत, रांग लागायच्या आत पोचलं की झालं. इथला विठ्ठल एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी पंढरीला परत आणला अशी आपल्याकडची परंपरा. गाभारा रिकामा आहे. त्यांना हे आधी सांगून ठेवा. माझ्याबरोबरच्या एक आजी रिकाम्या गाभाऱ्यासमोर बुक्क्याची डबी हातात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "असू दे, गेला तो आपल्याकडंच गेलाय." आणि डबी परत कमरेला खोचली.

तिथला दगडी रथ म्हणजे पन्नासच्या नोटेमागचं चित्र. नोट काढून ताडून बघायला मुलांना मजा येते. रथापुढं हत्ती आहेत, पण ते मागाहून आणून ठेवलेले. हत्तीच्या मागं वाकून बघा, मूळच्या घोड्यांचे पाय अजून दिसतात. इथलं तिकीट फेकू नका, त्याच दिवशी कमळ महालाच्या आवारात तेच चालतं. मातंग टेकडी, अनेगुंदी, अंजनाद्री या वेळेला सोडून द्या. गुडघ्यांचं काम नाही.

लक्ष्मी-नरसिंह मात्र चुकवू नका. कृष्णदेवरायाच्या काळात, १५२८ साली, एकाच शिळेतून घडवलेली मूर्ती, वीस-बावीस फूट उंच. मांडीवरची लक्ष्मी फोडली गेली. नरसिंहाच्या पाठीवर तिचा हात तेवढा उरलाय. २३ जानेवारी १५६५ ला तालिकोटची लढाई झाली. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, बीदर विजयनगरच्या साम्राज्याविरुद्ध एकत्र आले होते, आणि त्यानंतर हंपी, म्हणजे विजयनगरची राजधानी, महिनोन् महिने लुटली गेली. पट्टदकलची गोष्ट इथं आठवते ती यासाठी.

पाचव्या दिवशी दहापर्यंत निघा. महामार्गावरच इलकल लागतं. आपली इरकल तिथलीच, मुलीला आणि सासूबाईंना तासभर द्या. लाल टोपपदराची खरी खूण म्हणजे पदराचे उभे धागे अंगाच्या उभ्या धाग्यांना फासे घालून जोडलेले असतात, तो सांधा दुकानदाराला उलटा करून दाखवायला सांगा. दुकानात यजमानांना चहा मिळतो. संध्याकाळी विजापूर. पाटीवर आता विजयपूर दिसेल, गोंधळू नका.

आता सहाव्या दिवशी तालिकोटला लढलेली विजापूरची आदिलशाही समोर येते. गोलघुमट सकाळी उघडताच गाठा. महंमद आदिलशहाची कबर, आत एकही खांब नाही, आणि वरच्या सज्जात कुजबुज पलीकडं ऐकू येते. नऊनंतर शाळांच्या सहली येतात आणि मग कुजबूज कसली, नुसत्या आरोळ्या! मी एकदा सव्वासहाला वर होते. पलीकडच्या बाजूला एका माणसानं बिस्किटाचा पुडा फोडला, तो कागद माझ्या कानाशी चुरगळला. कोपऱ्यातल्या मनोऱ्यांतला जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, सासूबाईंना बागेतल्या बाकावर बसवा.

मग मुलूख-मैदान तोफ. ही १५४९ साली अहमदनगरला ओतली, पंचावन्न टन वजन. तोंड सिंहाचं आणि त्याच्या जबड्यात हत्ती. मग इब्राहीम रोजा, माझ्या मते गोलघुमटापेक्षा देखणा, पण घाईत असाल तर राहू द्या. बारा कमान मात्र बघा. अली आदिलशहा दुसरा याची कबर, भिंती अर्ध्यावर थांबलेल्या, वर छप्पर नाही. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला तो याच्याच राज्यात. तुमच्या मुलानं पन्हाळा दहा वेळा बघितला असेल, बाजीप्रभूंची पावनखिंड पाठ असेल. वेढा घालणारा पाठवला कुठून, ते गाव त्याला आता दिसेल. दोनला जेवून निघा, रात्री आठ-साडेआठला घरी.

सहावा दिवस निघतच नसेल तर विजापूर कापा. ते शनिवार-रविवारी वेगळं होतं. हंपी कापू नका. आलमट्टी धरण आणि कुडलसंगम यांबद्दल मी लिहिलं नाही, ते मुद्दाम.

प्रश्न : गाइड घ्यावा का? मागच्या वेळी एकानं सगळी वर्षं चुकीची सांगितली.
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : बदामी आणि हंपीत घ्या, ओळखपत्र बघून, पैसे आधी ठरवून. ऐहोळेत कुणी भेटलाच तर ठीक. विजापुरात नको, तिथं पाट्या पुरतात. गाइडची परीक्षा घ्यायची असेल तर बदामीत विचारा, तिसऱ्या लेण्यातला लेख कुठं आहे. सरळ नेऊन दाखवला तर माणूस चांगला. मूर्तीत कुठल्या सिनेनटीचा चेहरा दिसतो हे सांगायला लागला तर नमस्कार करून सुटा.

प्रश्न : आम्हाला एकच रविवार मिळतो. एवढं सगळं लांबचं सांगता, जवळचं काही आहे का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही तर खिद्रापूरच्या उंबऱ्यातच आहात! कृष्णाकाठचं कोपेश्वर, शिलाहारांच्या काळातलं. स्वर्गमंडपाला अठ्ठेचाळीस खांब आणि वरचं छत मधोमध गोल उघडं आहे, खाली तेवढ्याच मापाची गोल शिळा. गाभाऱ्यासमोर नंदी नाही, तो नदीपलीकडं यडूरला आहे असं सांगतात. आत लिंगं दोन, कोपेश्वर आणि धोपेश्वर. बाहेरच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, बऱ्याच सोंडा तुटलेल्या. मुलांना शाबूत सोंडा मोजायला लावा.

कार्तिक पौर्णिमेला चंद्र त्या उघड्या छतावर येतो आणि उजेड बरोबर शिळेवर पडतो, त्या रात्री मोठी गर्दी होते. गर्दी नको असेल तर साध्या रविवारी सकाळी आठला जा, येताना नृसिंहवाडी करा, आणि कुरुंदवाडचे पेढे माझ्या नावानं दोन खा.