नारिंगी अंगावर पांढरे ठिपके असलेला छोटा रॅस (समुद्री माशांचं एक कुळ) कोणता? २०० लिटरच्या टँकसाठी घ्यावा का?

घेऊ नका. नारिंगी-लाल अंग, पाठीवर काळ्या काठाचे पांढरे ठिपके आणि लांबी जेमतेम बोटाएवढी, हे तुमचं वर्णन कोरिस गायमार्डच्या पिल्लाला तंतोतंत लागू पडतं. दुकानाच्या टाकीवर नुसतं 'मिक्स रॅस' लिहिलं होतं म्हणता, तर तो कोणता मासा आहे हे कदाचित विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल. हा रंग फक्त बालपणीचा. मोठेपणी अंग गर्द होतं, त्यावर निळे ठिपके उमटतात, शेपटी पिवळीधमक होते आणि लांबी ४० सेमीपर्यंत जाते. तुमच्या टँकमध्ये त्याला धड वळताही येणार नाही. त्याच्या कितीतरी आधी तुमचे क्लीनर श्रिंप आणि गोगलगायी त्याच्या पोटात गेलेल्या असतील, आणि मग खाली आणखी काही मिळतंय का ते बघायला तो दगड उलथत बसेल. पांढरे पट्टे पाठीवरून पार पोटाकडे उतरलेले असतील, तर तो कोरिस फॉर्मोसा असू शकतो. तो ६० सेमीचा होतो, म्हणजे प्रश्नच मिटला.

रॅस ओळखताना रंगावर फार विसंबू नये. या कुळात ५०० हून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींत मासा आधी मादी असतो, पुढे त्याचा नर होतो. पिल्लू, मादी आणि नर अशी तीन रूपं तीन वेगळ्या माशांची वाटावीत, इतका फरक कधी कधी पडतो. दुकानातली नावं आणखी घोळ घालतात. 'येलो कोरिस' म्हणून जो पिवळा मासा विकतात तो कोरिस नाहीच, तो हॅलिकोएरिस क्रायसस.

मी आता आधी डोळा बघतो. टॉर्च नको, काचेजवळ येईपर्यंत थांबायचं. फेअरी, फ्लॅशर आणि सिक्सलाइन या प्रकारच्या रॅसच्या डोळ्याची बाहुली मधोमध दुभंगल्यासारखी दिसते. ही मंडळी रात्री दगडांच्या फटीत शिरून, स्वतःभोवती बुळबुळीत पारदर्शक कोश विणून झोपतात. त्यांना वाळू नसली तरी चालते. हॅलिकोएरिस, कोरिस, लेपर्ड रॅस यांची बाहुली साधी गोल असते आणि ते वाळूत पुरून झोपतात. त्यांना निदान ५ सेमी बारीक वाळू लागतेच. जाडी भरड खडी टाकली तर बुडी मारताना अंग खरचटतं. 'हा झोपतो कुठे?' एवढं कळलं की निम्मी निवड झालीच म्हणून समजा.

माझा पहिला पिवळा हॅलिकोएरिस टँकमध्ये सोडल्या सोडल्या तिरका झाला, डोकं खुपसलं आणि दिसेनासा झाला. वाळूवर फक्त बोटाच्या पेराएवढा खळगा. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मेला असणार आणि पाणी सडणार, या भीतीने मी चमच्याने वाळू उकरायला बसलो. बायको म्हणाली, जिवंत असला तर आता नक्की मरेल. चौथ्या दिवशी सकाळी काचेलगतची वाळू हलली, आधी एक पिवळं नाक, मग डोळे, आणि दहा मिनिटांनी स्वारी दगडांवरचे किडे टिपत फिरू लागली. तेव्हा तुमचाही असा गायब झाला तर उकरू नका.

तुमच्या क्लाउनफिशच्या जोडीबरोबर आणि कोरलबरोबर मी हा पिवळा हॅलिकोएरिसच सुचवेन. १२ सेमीच्या आत राहतो, कोरलला तोंड लावत नाही, चपटे किडे वेचून खातो. मोठ्या क्लीनर श्रिंपच्या वाटेलाही सहसा जात नाही; बारीक गोगलगायींची मात्र हमी देत नाही. टँकच्या तळाला वाळू नसेल आणि टाकायचीही नसेल, तर एखादा फ्लॅशर घ्या, मॅकॉस्कर्स मिळाला तर उत्तमच. नर मनात आलं की पाठीवरचा पर छत्रीसारखा उघडतो. तो एकदा बघितला की माणूस जेवण विसरतो.

सिक्सलाइन दिसायला गोड आणि स्वभावाने गुंड. जेमतेम ८-१० सेमीचा, पण एकदा टँक आपला मानला की नंतर येणाऱ्या प्रत्येक शांत माशाला कोपऱ्यात दाबतो. घ्यायचाच तर सगळ्यांत शेवटी सोडा, आणि फ्लॅशरबरोबर तर नकोच. निळा-काळा क्लीनर रॅसही नको. तो इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. तीन-चार माशांच्या टँकमध्ये त्याची उपासमार होते.

आणि कोणताही रॅस घेतलात तरी आधी झाकणाचं बघा. हे मासे घाबरले की सरळ वर उडी मारतात. माझ्या टँकवर जाळी होती, फक्त पाइप जायला कोपऱ्यात दोन बोटांची फट ठेवली होती. एक फेअरी नेमका त्याच फटीतून गेला. सकाळी स्टँडच्या मागे वाळलेला सापडला. आता ती फट मी जाळीच्याच तुकड्याने शिवून टाकली आहे, पाइपच्या भोवतीने, नायलॉनच्या दोऱ्याने.