आधी ग्लॉस, मग मॅट

खेळात सतत हाताळली जाणारी, रंगवलेल्या २८ मिमी मापाच्या छोट्या शिपायांची पलटण असेल तर त्यावर थेट मॅट (बिनचमकीचं) वार्निश लावू नकोस. आधी ग्लॉसचा (चकचकीत वार्निशचा) पातळ हात दे, तो पूर्ण वाळला की वरून मॅट. टिकाऊपणा ग्लॉसचा, मॅट फक्त चमक मारतं. मॅटमधली पूड तळाशी बसते, म्हणून बाटली भरपूर हलव, नाहीतर शिपायांवर पांढुरकी झाक येते. तलवारी-चिलखतांचा धातूचा रंग मॅटखाली मरतो. तिथे साटिन (मंद चमकीचं) बरं. डोळ्यांवर, शिपायांच्या पायाखाली रंगवलेल्या चिखलातल्या पाण्यावर शेवटी ग्लॉसचा ठिपका. मुंबई-कोकणात राहत असशील तर पावसाळ्यात स्प्रे कॅनला हातच लावू नकोस (दुकानदार काहीही सांगो), दमट हवेत थर धुरकटतो. त्या दिवसांत पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक वार्निश ब्रशने लाव. नवी बाटली आधी टाकाऊ मॉडेलवर लावून बघ.