लागोपाठचे नंबर

प्रश्न: फ्रान्समधल्या सेर गावाजवळच्या एका युद्ध दफनभूमीत दोन थडगी पाहिली. पलटण एकच, ईस्ट लँकेशायर रेजिमेंट. सैनिक क्रमांक लागोपाठचे, मृत्यूची तारीखही एकच, १ जुलै १९१६. कोरणाऱ्याची चूक की योगायोग?
– एक वाचक

उत्तर: चूक नाही. योगायोग म्हणायलाही मी धजणार नाही. मी पलटणीच्या कार्यालयात बरीच वर्षं कारकुनी केली. नंबर पडतो तो टेबलासमोर माणूस ज्या क्रमाने येतो त्या क्रमाने. म्हणजे हे दोघे रांगेत पुढेमागे उभे होते. मित्रच असतील असं नंबर सांगत नाही, पण या पलटणीच्या बाबतीत मी तरी पैज मित्रांवरच लावीन.

कारण ती भरतीच तशी होती. ऑगस्ट १९१४ मध्ये लॉर्ड डर्बी यांनी लिव्हरपूलच्या कचेऱ्यांतल्या तरुणांना शब्द दिला : एकत्र नाव नोंदवा, एकत्रच लढाल. मग गावोगाव अशा पलटणी उभ्या राहिल्या. इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टन या गिरणीगावाची, ईस्ट लँकेशायर रेजिमेंटमधली ही त्यांतलीच, ‘अ‍ॅक्रिंग्टन पॅल्स’, म्हणजे अ‍ॅक्रिंग्टनचे दोस्त. (नाव अ‍ॅक्रिंग्टनचं, पण चॉर्ली आणि बर्नलीचीही पोरं होती. चॉर्लीकरांना याची इतरांना अजून आठवण करून द्यावी लागते.) गिरणीतले जोडीदार, एका गल्लीतले, सख्खे भाऊ.

१ जुलै हा पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईचा पहिला दिवस. सकाळी साडेसातला सेरवर हल्ला सुरू झाला. आठवडाभर तोफा डागूनही जर्मन मशीनगनवाले खंदकांत शाबूत होते. या पलटणीचे सुमारे ७०० जण पुढे गेले. त्यांतले ५८४ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात. शेजाऱ्याशेजारी भरती केली की तोटाही शेजाऱ्याशेजारी पडतो, हे भरतीच्या टेबलावर कुणी मांडून पाहिलं नव्हतं. पुढे रिकाम्या जागा कुठकुठल्या माणसांनी भरल्या. सक्तीची भरती तर जानेवारी १९१६ च्या कायद्यानेच आली होती, त्यात पलटण निवडायची सोय फारशी उरली नाही.

तुम्ही पाहिलेल्या दोघांना निदान दगड तरी मिळाले. ज्यांचे देह सापडले नाहीत किंवा ओळखता आले नाहीत, अशा, सगळ्या सोम आघाडीवरच्या ७२,००० हून अधिक जणांची नावं त्याच भागातल्या थीपव्हालच्या स्मारकावर आहेत : आधी रेजिमेंट, मग हुद्दा, मग आडनावाचं अक्षर. नंबर तिथे कोरतात तो एकाच नावाचे दोघे निघाले तरच. भरतीच्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभे असलेले तिथे शोधायचे, तर आडनावं आधीच ठाऊक हवीत.