वाचक विचारतात : बोवीचं सोल खरं मानावं का?

प्रश्न : मुलाने डेव्हिड बोवीचा 'यंग अमेरिकन्स' हा अल्बम ऐकवला. गाणी आवडली, पण कृष्णवर्णीयांचं सोल संगीत एका इंग्लिश रॉक गायकाने गायलंय, ही शेवटी नक्कलच ना? की याला वेगळं काही म्हणावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : गोऱ्या गायकांनी गायलेल्या सोलला 'ब्लू-आइड सोल' म्हणतात. बोवी स्वतः मात्र या अल्बमला 'प्लास्टिक सोल' म्हणायचा, म्हणजे तुमची शंका आधी त्यालाच आली होती. तरीही मी याला नक्कल म्हणणार नाही. माझं कारण त्याच्या गळ्यात नाही, त्याच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांत आहे.

ऑगस्ट १९७४ मध्ये तो फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत गेला. त्या शहराचं गुळगुळीत, तंतुवाद्यांनी नटलेलं सोल तेव्हा अमेरिकाभर गाजत होतं आणि त्यातलं बरंचसं याच स्टुडिओत तयार होत असे. गिटारला त्याने कार्लोस अलोमार घेतला. अलोमार पोर्तो रिकोत जन्मलेला, प्रसिद्ध सोल गायक जेम्स ब्राउनच्या बँडमध्ये वाजवून आलेला. अलोमारसोबत त्याची बायको रॉबिन क्लार्क आली आणि त्यांचा मित्र ल्यूथर वँड्रॉसही. वँड्रॉस तेव्हा जेमतेम २३ वर्षांचा, कुणालाच ठाऊक नसलेला. शीर्षकगीतासाठी मागच्या आवाजांची एक ओळ तो आपल्याशीच गुणगुणत होता. ती बोवीच्या कानावर पडली, आवडली आणि गाण्यात आली. वँड्रॉसच्या एका गाण्यावरूनच पुढे 'फॅसिनेशन' झालं आणि गीतकार म्हणून दोघांचीही नावं छापली गेली. मला हे फार मोलाचं वाटतं. त्या काळात कृष्णवर्णीय कलाकारांच्या चाली उचलून नाव गाळणारे पुष्कळ होते.

आता ऐकताना एक करा. बोवीकडे थोडं दुर्लक्ष करा आणि वँड्रॉस, क्लार्क व अ‍ॅव्हा चेरी यांचे आवाज पकडा. 'राइट' या गाण्यात ते त्याचं वाक्य मध्येच तोडतात, उलट प्रश्न टाकतात, त्याला पुढे ढकलतात. शाहिराला झिलकरी उचलून धरतात ना, तसं. ही रीत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आलेली आहे, आणि इथे ती त्याच परंपरेतल्या गळ्यांतून येते. डेव्हिड सॅनबॉर्नचा सॅक्सोफोन 'विन'मध्ये ऐका, सुंदर आहे.

सगळंच जमलंय असं नाही. बीटल्सचं 'अक्रॉस द युनिव्हर्स' इथे उगाच घुसल्यासारखं वाटतं, बोवी त्यात नको इतका ओरडतो. जानेवारी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत पूर्वी बीटल्समध्ये असलेल्या जॉन लेननला सोबत घेऊन ते ध्वनिमुद्रित झालं. पण त्याच वेळी अलोमारच्या एका गिटार-तुकड्यावर 'फेम' उभं राहिलं! श्रेय तिघांचं : बोवी, अलोमार, लेनन. ते बोवीचं अमेरिकेतलं पहिलं अव्वल क्रमांकाचं गाणं ठरलं. त्याच वर्षी 'सोल ट्रेन' या कृष्णवर्णीयांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याने ते सादर केलं. तिथे येणाऱ्या अगदी सुरुवातीच्या गोऱ्या गायकांपैकी तो एक.

मुलासोबत पुढे काय ऐकायचं, तर वँड्रॉसचा १९८१ चा अल्बम 'नेव्हर टू मच'. तिथे तोच मागचा आवाज पुढे येऊन उभा आहे.